परदेशातल्या आपत्तीत आपलं लष्कर मदतीला जातं, तेव्हा पैसे कोण देतं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्कस्तान, म्यानमार, श्रीलंका. कुठेतरी जमीन हादरते किंवा वादळ येतं, दिल्लीजवळच्या हिंडनच्या तळावरून हवाई दलाचं विमान निघतं, आणि तासाभरात फोनवर दोन मेसेज येऊन थडकतात. एकात तिरंगा आणि विमानाचा फोटो. दुसऱ्यात, ‘इथे शेतकऱ्याला द्यायला पैसे नाहीत आणि निघाले जगाला वाटायला.’ दोन्ही मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना खर्चाबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘असेल काही हजार कोटी.’ गेली काही वर्षं मी हा विषय वाचतो आहे. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

सरळ सांगा, पैसे कोण देतं?

भारत सरकार, म्हणजे शेवटी तुम्ही-आम्ही. पण सरकारचा खिसा एक नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

विमान, जहाज, जवान, डॉक्टर, इंधन हा भार संरक्षण मंत्रालयाकडे पडतो. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं गृह मंत्रालयाची. रोख मदत आणि परदेशासाठी म्हणून घेतलेली सामग्री बहुधा परराष्ट्र मंत्रालयाच्या नावावर जाते. खर्चासाठी संसदेकडे केलेल्या त्यांच्या मागणीत, म्हणजे अलीकडच्या अर्थसंकल्पातल्या मागणी क्रमांक २९ मध्ये, ‘आपत्ती मदत’ असं वेगळं शीर्षकच आहे. ‘भीष्म’ नावाचे पेटीबंद दवाखाने पाठवले तर तो प्रकल्प आरोग्य मंत्रालयाचा. म्हणजे एकाच विमानात चढलेल्या मालाचा हिशेब चार मंत्रालयांच्या वह्यांत विखुरलेला असतो.

त्यातही संरक्षण खात्याची वही मोहिमेच्या नावाने लिहिलेली नसते. वेतन, वाहतूक, सामग्री, बांधकाम अशा शीर्षकांखाली ती लिहिली जाते. विमानात भरलेलं इंधन सीमेवर रसद न्यायला जळलं की तुर्कस्तानातल्या इस्कंदरूनला इस्पितळ न्यायला, हे त्या रकान्यात दिसत नाही.

ज्या देशाला मदत जाते, तो काही परत करतो का?

नाही. आंतरराष्ट्रीय रिवाजही तोच आहे. परदेशी लष्करी साधनं आपत्तीत कशी वापरावीत याची ‘ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वं’ १९९४ मध्ये ठरली आणि २००६-०७ मध्ये सुधारली गेली. वेगळं काही ठरलं नसेल तर अशी मदत आपत्तीग्रस्त देशाला विनामूल्य असावी, असं त्यांत म्हटलं आहे. पुढचं एक वाक्य कुणी फारसं उद्धृत करत नाही: हा खर्च शक्यतो विकासमदतीसाठी ठेवलेल्या पैशातून होऊ नये. म्हणजे शाळा-दवाखान्यांसाठी बाजूला काढलेले पैसे विमानाच्या टाकीत जाऊ नयेत. ही तत्त्वं बंधनकारक मात्र नाहीत.

देणारा नेहमी श्रीमंतच असतो असंही नाही. २००५ मध्ये अमेरिकेत कटरिना वादळ आलं, तेव्हा आपल्या हवाई दलाचं आयएल-७६ विमान २५ टन मदतसामग्री घेऊन अर्कान्सातल्या लिटल रॉकला उतरलं होतं. त्याचंही बिल कुणी पाठवलं नाही.

एका मोहिमेला नेमका किती खर्च येतो?

‘खर्च’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवावं लागेल.

एसटीचं उदाहरण घ्या. गाडी आगारात उभी असली तरी चालक-वाहकाचा पगार चालूच असतो, गाडीची किंमतही आधीच मोजलेली असते. आषाढीला पंढरपूरची जादा गाडी सोडली तर वाढतं काय? डिझेल, जादा भत्ता, टायरची झीज. या वाढीव भागाला जादा खर्च म्हणायचं. आणि गाडीची किंमत, पगार, आगाराचं भाडं सगळं वाटून लावलं की तो होतो पूर्ण खर्च. दोन्ही आकडे खरेच, पण त्यांच्यात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. मोहिमेचं कौतुक करणारा पहिला आकडा सांगतो, टीका करणारा दुसरा.

मार्च २०१९ मध्ये ‘इदाई’ चक्रीवादळ मोझांबिकच्या बैरा बंदरावर आदळलं. तिथे पोचलेली आपली जहाजं होती सुजाता, शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी. ही प्रशिक्षण तुकडीची जहाजं. शिकाऊ अधिकाऱ्यांना घेऊन ती त्याच समुद्रात निघाली होती, तिथून त्यांना वळवलं. प्रवासाचा बराचसा खर्च वादळ आलं नसतं तरी झालाच असता. वाढलं ते वाटलेलं धान्य-औषध, हेलिकॉप्टरची उड्डाणं आणि लांबलेले दिवस.

आता याच्या उलट बघा. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवची राजधानी माले इथे खारं पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि लाखभर वस्तीचे नळ कोरडे पडले. त्या शहराला दुसरा पाणवठा नाही, चहूकडे समुद्र. ‘ऑपरेशन नीर’मध्ये हवाई दलानं बाटल्या पोचवल्या. गस्तीवरचं आयएनएस सुकन्या वळवलं गेलं. आणि मुंबईहून निघालं आयएनएस दीपक, सुमारे १,००० टन गोडं पाणी घेऊन. दीपक हे खरं तर तेलवाहू जहाज, भर समुद्रात युद्धनौकांना इंधन द्यायचं त्याचं काम. मुद्दाम मालेसाठी काढलेल्या अशा फेरीचा जवळजवळ सगळा इंधनखर्च जादा खर्चातच धरावा लागतो.

काही गोष्टी मात्र कुठल्याच हिशेबात नीट बसत नाहीत. हवाई दलाकडे सी-१७ ही मोठी मालवाहू विमानं आहेत अवघी ११. प्रत्येक लांबच्या फेरीनं देखभालीची तारीख जवळ येते, आणि ते विमान तेवढे दिवस दुसऱ्या कामाला मिळत नाही. फील्ड हॉस्पिटलनं वापरलेली औषधं, सोडून आलेले तंबू, वाटलेली ब्लँकेटं पुन्हा भरावी लागतात. माझे एक नातेवाईक नौदलाच्या भांडारात बरीच वर्षं होते. ते म्हणायचे, ‘जहाज बंदर सोडतं तेव्हा सगळे हात हलवतात. मी इश्यू व्हाउचर, म्हणजे दिलेल्या सामानाच्या पावत्या, मोजत असतो. परत येणार काय आणि नुसती सही येणार कशावर, ते मला तेव्हाच कळतं.’

मग सरकार कधीच आकडा सांगत नाही?

सांगतं, पण तो कशाचा आहे ते वाचणाऱ्यानं तपासायचं. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतरच्या ‘ऑपरेशन मैत्री’सह एकूण मदतकार्याची किंमत भारतानं ६ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त सांगितली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पुनर्बांधणीसाठी १ अब्ज डॉलर जाहीर झाले, ते वेगळे. त्यातले २५ कोटी अनुदान आणि ७५ कोटी सवलतीचं कर्ज. फॉरवर्डमध्ये या दोन आकड्यांची बेरीज होते, कर्जाचं दान होतं आणि मग ‘हजारो कोटी वाटले’ असं शीर्षक मिळतं.

श्रीलंकेतही तेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘दित्वा’ वादळ आलं तेव्हा आपली विक्रांत आणि उदयगिरी ही जहाजं नौदल संचलनासाठी कोलंबोतच होती. त्यांनी जहाजावरचंच सामान काढून दिलं. तो लष्करी मदतीचा भाग. नंतर जाहीर झालेलं ४५ कोटी डॉलरचं पॅकेज हा पुनर्बांधणीचा भाग, आणि त्यातलेही ३५ कोटी कर्जाऊ.

अर्थसंकल्पात यासाठी आधी पैसे ठेवलेले असतात का?

परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या शीर्षकाखाली थोडे असतात, पण भूकंप काही फेब्रुवारीत विचारून येत नाही. म्हणून आधी काम, मग कागद. लष्कर आपल्या चालू तरतुदीतून इंधन भरतं आणि निघतं. वर्षअखेरीस सुधारित अंदाजात आकडे वरखाली होतात. तूट मोठी असेल तर घटनेच्या कलम ११५ खाली पुरवणी मागणी संसदेत येते. अगदीच गळ्याशी आलं तर कलम २६७ चा आकस्मिकता निधी असतो. तो २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३०,००० कोटी रुपयांचा केला गेला.

प्रत्यक्षात एका मोहिमेनं संरक्षण खात्याचं काही बिघडत नाही. २०२५-२६ ची संरक्षणाची तरतूद होती ६ लाख ८१ हजार कोटींची, परराष्ट्र मंत्रालयाची साडेवीस हजार कोटींची. पहिली दुसरीच्या तेहतीसपट. प्रत्येक विमानफेरीचं पूर्ण खर्चाचं बिल परराष्ट्र मंत्रालयाला लावायचं ठरवलं, तर भूतानच्या प्रकल्पांपासून दूतावासांच्या भाड्यापर्यंत सगळ्यालाच कात्री लागेल. खर्च मोठ्या घागरीत राहू दिला की तो दिसत नाही, आणि दोन्ही मंत्रालयांना ते सोयीचंच पडतं.

जायचं की नाही, हे कोण ठरवतं?

निर्णय राजकीय पातळीवर होतो. आपत्तीग्रस्त देशाची विनंती किंवा होकार परराष्ट्र मंत्रालयाकडे येतो, मग पंतप्रधान कार्यालय किंवा मंत्रिमंडळ सचिवांच्या पातळीवर बैठक होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला, त्याच दिवशी दिल्लीत अशी बैठक झाली आणि एनडीआरएफची पथकं पाठवायचं ठरलं. पथकातल्या अनेकांकडे पासपोर्टच नव्हते. ते रातोरात तयार करावे लागले. त्या रात्री खर्चाची फाईल कुणी उघडली असेल असं मला वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

केरळला हेलिकॉप्टरचं बिल पाठवतात आणि परदेशाला फुकट, हे खरं आहे का?

खरं आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हाच.

देशात आपत्ती आली आणि राज्यानं हवाई दल मागवलं, तर ती ‘नागरी प्रशासनाला मदत’ धरली जाते आणि तिचा खर्च राज्याकडून वसूल करायचा नियम आहे. २०२४ च्या अखेरीस केंद्राकडून केरळला असं पत्र गेलं. मागणी सुमारे १३२ कोटी ६२ लाख रुपयांची. त्यात जुन्या पुरांच्या उड्डाणांबरोबर ३० जुलै २०२४ च्या वायनाड दरडीच्या वेळची उड्डाणंही होती. तिकडे अजून मृतदेहांची ओळख पटवणं चाललं होतं. इतक्या जुन्या बिलांची आठवण आत्ताच कशी झाली, असं केरळ उच्च न्यायालयानंही विचारलं.

केंद्राच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. राज्यानं हे पैसे आपल्या शाळा-रस्त्यांच्या तरतुदीतून द्यावेत अशी अपेक्षा नसते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत हवाई दलाच्या बिलासाठी जागा ठेवलेली आहे, आणि त्या निधीत महाराष्ट्र-केरळसारख्या राज्यांसाठी केंद्राचाच वाटा ७५ टक्के असतो. म्हणजे केंद्र एका हातानं देतं आणि दुसऱ्या हातानं बिल लावतं. हिशेबाच्या शिस्तीला हे धरून आहे: फुकट म्हटलं की जो तो आधी हेलिकॉप्टर मागवेल, होडी नंतर.

पण पंक्तीत पाहुण्याला आग्रहानं जिलबी वाढायची आणि घरच्या पोराच्या पानापुढे वही धरायची, हे दिसायला वाईट दिसतं. म्यानमारमधल्या मँडलेला जाणाऱ्या विमानाचा खर्च परराष्ट्र धोरण म्हणून केंद्रानं सोसणं मला पटतं. वायनाडच्या फेऱ्यांचं बिल मात्र निदान बचावकार्यापुरतं तरी माफ व्हावं, असं माझं मत आहे.

माझ्या पगारातून पूरग्रस्तांसाठी कापलेले पैसे परदेशात जातात का?

नाही. गोंधळ नावामुळे होतो, कारण एनडीआरएफ दोन आहेत. एक दल, ज्याची पाचवी बटालियन आपल्याकडे तळेगावजवळ सुदुंबरेला आहे. दुसरा निधी, म्हणजे पैसे. दल परदेशात जाऊ शकतं. २०११ मध्ये ते जपानला गेलं, ती त्याची पहिली परदेश मोहीम. निधी मात्र देशातल्या आपत्तींसाठीच आहे. मुख्यमंत्री सहायता निधीचाही परदेशी मोहिमांशी संबंध नाही.

परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणं यातच मोडतं?

बातम्यांत दोन्ही एकाच सुरात येतात, पण ती स्वतंत्र गोष्ट आहे. तिथे आपण आपल्याच माणसांना सोडवत असतो. त्यासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, आणि तो भरतो दूतावासात पासपोर्ट वगैरे कामांवर घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्कातून. दुबईत किंवा न्यू जर्सीत पासपोर्टचं नूतनीकरण केलेल्या प्रत्येक मराठी माणसानं त्यात आपले दोन पैसे घातलेले आहेत. कधी प्रवाशाकडूनही घेतात: मे २०२० मध्ये मालेहून आयएनएस जलाश्वानं आलेल्यांना माणशी ४० डॉलर मोजावे लागले होते.

इतर देश हिशेब कसा ठेवतात?

अमेरिकेनं संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पातच परदेशातल्या मानवतावादी आणि आपत्ती मदतीचं वेगळं खातं ठेवलं आहे. त्यात दरवर्षी १० कोटी डॉलरच्या पुढे रक्कम असते आणि ती दोन वर्षं वापरता येते. आर्थिक वर्ष संपलं म्हणून खातं आटत नाही.

ब्रिटनमध्ये सैन्य नेणारं खातं वेगळं आणि पैसे देणारं वेगळं. २०१३ मध्ये हैयान वादळानंतर डेअरिंग आणि इलस्ट्रियस ही जहाजं फिलिपिन्सला गेली, त्या काळात विकासमदतीचं खातं संरक्षण खात्याला फक्त जादा खर्च भरून देत असे. नौसैनिकाचा पगार नाही, वाढीव इंधन मात्र हो. श्रीमंत देणगीदार देशांच्या गटाचा नियमही असाच आहे: सैन्य वापरून मदत पोचवली तर फक्त जादा खर्च ‘मदत’ म्हणून मोजता येतो. भारत त्या गटात नाही, त्यामुळे आपल्याला हा हिशेब कुणाला दाखवावा लागत नाही. आणि जो दाखवावा लागत नाही तो बहुधा मांडलाही जात नाही.

लष्करच का? साधं मालवाहू विमान स्वस्त पडणार नाही का?

पडेल. ब्लँकेटं आणि बिस्किटं न्यायला लष्करी विमान हा महागडा मार्ग आहे, आणि ऑस्लो तत्त्वंही लष्कराला शेवटचा पर्यायच मानतात. पण पहिल्या तीन दिवसांत जिथे विमानतळाला तडे गेलेले असतात, तिथे नागरी कंपनी उतरायला तयार नसते. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या भूकंपानंतर आग्र्याहून ११८ जणांचं फील्ड हॉस्पिटल दोन सी-१७ विमानांतून गेलं आणि मँडलेत उभं राहिलं. तुर्कस्तानात लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलनं ३० खाटांवर जेमतेम दोन आठवड्यांत सुमारे साडेतीन हजार रुग्ण तपासले. डॉक्टर, क्ष-किरण यंत्र, जनरेटर, स्वयंपाकी सगळं एकत्र उचलून नेणारी नागरी यंत्रणा आपल्याकडे नाही.

मुक्काम लांबला की हे गणित उलटतं. नेपाळनं भूकंपानंतर दहाएक दिवसांतच परदेशी बचावपथकांना आता परता असं सांगितलं.

यात राजकारण असतं का?

असतं की. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडू आणि अंदमान स्वतः उद्ध्वस्त असताना आपल्या नौदलानं श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला जहाजं धाडली. सागरी सर्वेक्षणाचं निरूपक जहाज इस्पितळ बनवून इंडोनेशियाला गेलं. त्याच वेळी अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर जो समन्वय झाला, त्यातच पुढच्या ‘क्वाड’ या चार देशांच्या गटाचं मूळ शोधलं जातं. आणि २०१४ मध्ये मालेला पाणी पाठवणाऱ्यांत चीनही होता.

मला खरे आकडे हवे आहेत. कुठे शोधू?

अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर मागणी क्रमांक २९ उघडा आणि ‘आपत्ती मदत’ या ओळीत अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं. मोहिमेच्या नावाने शोधलं तर टनांचे आणि माणसांचे आकडे भरपूर मिळतात, रुपयांचे कमी.

त्यापुढे माहिती अधिकार. फी १० रुपये, आणि कलम ६ नुसार महाराष्ट्रातून पोस्टानं केलेला अर्ज मराठीतही चालतो. ‘एकूण खर्च किती झाला?’ असं मात्र विचारू नका. तसा तयार कागद नसेल तर तो बनवून द्यायला ते बांधील नाहीत, आणि परराष्ट्र संबंधांचं कलम ८ पुढे करायलाही त्यांना सोपं जातं. असलेले कागद मागा: त्या तारखांना दिलेल्या सामग्रीची इश्यू व्हाउचरं, खर्चाच्या मंजुरीची पत्रं, आणि एका मंत्रालयानं दुसऱ्याला भरपाई मागितली असल्यास तो पत्रव्यवहार. संरक्षण, गृह आणि परराष्ट्र या तिन्ही मंत्रालयांना वेगवेगळा अर्ज करा. एकालाच केला तर तो तुमचा अर्ज दुसऱ्याकडे पाठवेल, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तीस दिवसांनी तुमच्या हातात तीन पोचपावत्या असतील.